कंपनीचं काम मागताना लग्नाचा अल्बम पाठवू नका: पोर्टफोलिओतल्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बहुतेक फोटोग्राफर लग्नसराईवर जगतात. त्यामुळे कंपनीचं काम मागतानाही साठ फोटोंची तीच पीडीएफ सगळीकडे जाते. सर्वात महाग पडणारी चूक हीच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीच्या (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या) मालकाला तुमचा हळदीचा फोटो कितीही आवडला, तरी त्याचा प्रश्न वेगळा असतो: मशिनिंग केलेल्या चकचकीत भागावर ट्यूबलाईटच्या रेघा न येऊ देता याला फोटो काढता येईल का? त्याला बारा-पंधराच फोटो पाठवा. त्यात साध्या पार्श्वभूमीवरचे सुटे भाग, आटे आणि बोअर (भागातलं गोल भोक) जवळून, लेथवरचा कामगार आणि शेडचं एखादं मोठं दृश्य असावं. शहापूर-वडगावच्या साडीवाल्याला यातलं काहीच नको. त्याला पदर, काठ, जर आणि नेसलेल्या साडीचा झोक दाखवा.

नमुने नाहीत म्हणून थांबू नका. रिजेक्ट झालेलं कास्टिंग (ओतून बनवलेला धातूचा भाग) मागून घ्या, तेल पुसा आणि घरी शूट करा. इथे अनेकजण पोलरायझर (लेन्सवरचा चमक कमी करणारा फिल्टर) लावतात आणि फसतात, कारण उघड्या धातूवरची चमक नुसत्या त्याने जात नाही. दिवा आणि वस्तू यांच्यामध्ये मोठा ट्रेसिंग पेपर ताणून लावा, म्हणजे धातूत दिव्याचा ठिपका न दिसता सलग पांढरा पट्टा दिसतो. कडा उठून दिसायला बाजूला काळा पुठ्ठा ठेवा. असे फोटो ‘सराव’ म्हणूनच दाखवा, त्याखाली कंपनीचं नाव घालू नका.

आता एक चूक, जिने थेट नाव खराब होतं. कास्टिंगवर पार्ट नंबर आणि ग्राहक कंपनीचा लोगो उठवलेला असतो. एका फाउंड्रीचा तो भाग परवानगीशिवाय शेजारच्या फाउंड्रीला दाखवलात, तर दोन्हीकडचा विश्वास जातो. आधी विचारा, नाहीतर तो फोटो काढून टाका.

फोटो एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत), लांब बाजू 2000 पिक्सेल आणि पीडीएफ 5 एमबीच्या आत ठेवा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

कोटेशनमध्ये ‘फोटोशूट, एकूण रक्कम’ एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं. शूटचे दिवस, अंतिम फोटोंची संख्या, रिटचिंग, प्रवास आणि ॲडव्हान्स वेगवेगळे लिहा. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो. म्हणून हे फोटो पोर्टफोलिओत वापरायची मुभाही त्याच कागदावर लिहून घ्या. तुमची कर्नाटकात जीएसटी नोंदणी असेल तर सीमेवरचा फरक ध्यानात ठेवा: बेळगावच्या कंपनीला सीजीएसटी (केंद्राचा) 9 आणि एसजीएसटी (राज्याचा) 9 टक्के, पण महाराष्ट्रातल्या कोल्हापूरच्या नोंदणीकृत कंपनीला आयजीएसटी (आंतरराज्य) 18 टक्के. बिल चुकलं की त्यांचा अकाउंटंट ते परत पाठवतो आणि पैसे लांबतात.

चार दिवसांनी फोन कराल तेव्हा ‘बघितलं का?’ विचारू नका. ‘तुमचा एखादा पार्ट द्या, एक फोटो काढून दाखवतो,’ असं म्हणा.