पीपीपीवर शाळा बांधताय? करारातल्या या चुका टाळा

खासगी भागीदाराने माध्यमिक शाळा बांधायच्या, पंचवीस-तीस वर्षं त्यानेच सांभाळायच्या आणि पालिकेने दरवर्षी शुल्क भरायचं, ही पीपीपीची (सार्वजनिक-खासगी भागीदारीची) पद्धत ब्रिटनने मोठ्या प्रमाणावर राबवली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने असे नवे करार थांबवले, पण जुने करार चालूच राहिले. त्यांतले घोळ पाहिले, तर बहुतेकांचं मूळ निविदा निघण्याआधीच सापडतं.

पट न मोजता सही

लिव्हरपूलच्या स्पीक भागातली पार्कलँड्स शाळा २००२ मध्ये उघडली आणि मुलं कमी झाल्याने २०१४ मध्ये बंद पडली. इमारत रिकामी झाली तरी पालिकेचे हप्ते थांबले नाहीत. ग्लासगोने उलटा क्रम धरला होता. माध्यमिक शाळा ३८ वरून २९ वर आणायच्या हे आधी ठरवलं आणि मग २००० मध्ये त्या २९ शाळांचा तीस वर्षांचा करार केला. शाळा एकत्र करताना लोकांचा रोष ओढवतोच, पण तो सहीआधी ओढवून घेतलेला स्वस्त पडतो.

आज पहिलीत असलेली मुलं सात वर्षांनी आठवीत येतील, तेव्हा तेवढ्या काळाचा अंदाज पटावरून बांधता येतो. त्यापुढच्यासाठी जन्मनोंदणी आणि नव्या वसाहतींचे परवाने पाहा. कमीत कमी अंदाजातही ज्या शाळा भरतील त्याच करारात घ्या. पट घटला तर एखादा मजला किती रक्कम देऊन करारातून वगळता येईल, हेही आकड्यासकट लिहून घ्या. नंतर विचारलंत तर भागीदार सांगेल ती किंमत.

सगळ्या शुल्काला महागाई जोडणं

समजा, वार्षिक शुल्क २० कोटी आहे आणि महागाई ५ टक्के. संपूर्ण शुल्क महागाईला जोडलं तर पंचविसाव्या वर्षी सुमारे ६४.५ कोटी भरावे लागतात. फक्त ४० टक्के भाग जोडला तर सुमारे ३७.८ कोटी. भागीदाराचं कर्ज ठरावीक व्याजाचं असेल तर त्याचा हप्ता महागाईने वाढत नाही. वाढतात ते पगार आणि दुरुस्तीचा खर्च. म्हणून जोडायचा तर तेवढाच भाग जोडा.

आपल्याकडे केंद्राच्या व्यवहार्यता तूट निधीच्या (पीपीपी प्रकल्प परवडावा म्हणून दिलेल्या अनुदानाच्या) २०२० च्या सुधारित योजनेत शिक्षणाच्या पथदर्शी प्रकल्पांना केंद्र आणि राज्य मिळून भांडवली खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. चालू खर्चाला ५० टक्क्यांपर्यंत, पण पहिली पाचच वर्षं. सहाव्या वर्षाचं अंदाजपत्रक आजच मांडा. शिवाय चालू खर्चाची निम्मी वसुली प्रकल्पातून व्हावी ही अट आहे; मोफत पालिका शाळेला ती झेपणं कठीण.

भिंतीच्या आत कोणीच न पाहणं

एडिंबराच्या ऑक्सगँग्ज शाळेची बाहेरची भिंत २९ जानेवारी २०१६ च्या पहाटे वादळात कोसळली. सुमारे ९ टन विटा पडल्या. मुलं अजून यायची होती म्हणून निभावलं. एप्रिलमध्ये त्याच कराराखालच्या १७ शाळा बंद कराव्या लागल्या आणि सुमारे ७,६०० मुलांची सोय दुसरीकडे करावी लागली. ऑक्सगँग्ज शाळा प्राथमिक होती, पण करारात माध्यमिकही होत्या.

अशा भिंतीत आत ब्लॉकचा आणि बाहेर विटांचा थर असतो, मध्ये पोकळी. दोन्ही थर धातूचे टाय धरून ठेवतात आणि प्रत्येक टाय दोन्ही बाजूंच्या मसाल्यात किमान ५० मिमी रुतलेला हवा. दोन थर ओळंब्यात राहिले नाहीत की पोकळी रुंदावते, टाय पुरत नाही आणि जोराच्या वाऱ्यात बाहेरचा थर सुटतो. बाहेरून मात्र भिंत ठणठणीत दिसते.

प्राध्यापक जॉन कोल यांच्या २०१७ च्या चौकशी अहवालाचा रोख देखरेखीवर होता. पालिका भागीदाराच्या तपासणीवर विसंबली आणि स्वतंत्र प्रमाणकाचं, म्हणजे काम करारानुसार झालं असं प्रमाणपत्र देणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञाचं, काम मर्यादित होतं.

जोखीम भागीदाराची म्हणून देखरेखही त्याच्यावरच सोडणं, ही या पद्धतीतली सगळ्यात महाग काटकसर. पालिकेच्या पगारावरचा देखरेख अभियंता साइटवर रोज हवा. भिंतीचा प्रत्येक टप्पा झाकण्याआधी पोकळीची रुंदी मोजा, टायचा मोजपट्टीसकट फोटो काढा आणि ठिकाण नोंदवा. जुन्या इमारतीत सांध्यात छोटं भोक पाडून बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहता येतं. टाय सापडले म्हणून थांबू नका. किती रुतलेत ते तपासायला दोन-चार ठिकाणी विटा काढाव्याच लागतात.

‘वर्ग उपलब्ध’ची मोघम व्याख्या

वर्ग वापरण्याजोगा नसेल तर शुल्कात कपात व्हायला हवी, पण करारातल्या नुसत्या ‘योग्य स्थितीत’ या दोन शब्दांवर एक रुपयाही कापता येत नाही. आकडे लिहा: बाकावर ३०० लक्स उजेड, कार्बन डायऑक्साइडची दिवसाची सरासरी १,५०० पीपीएमच्या आत, तापमानाची खालची-वरची मर्यादा. कपात मोजण्यासाठी प्रत्येक खोलीला वजन द्या. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा ३, वर्ग १, अडगळीची खोली पाव. बिघाड किती तासांत सुटला नाही तर कपात सुरू होईल हे ठरवा आणि तक्रारीची वेळ मुख्याध्यापकांच्या नोंदीवरून धरा, भागीदाराच्या कॉल सेंटरवरून नको. एडिंबरात शाळा बंद असलेल्या काळातलं शुल्क पालिकेला रोखता आलं, ते करारात कपातीची तरतूद होती म्हणूनच.

किरकोळ कामं हीसुद्धा डोकेदुखी. एक सॉकेट वाढवायलाही भागीदाराची परवानगी आणि त्याचाच दर, असं होऊ नये म्हणून दरसूची परिशिष्टात जोडा. कॉम्प्युटर करारात घेऊच नका, पाच वर्षांत जुने होतात. रिकामे डक्ट (पुढे वायरी ओढायला मार्गिका) आणि पुरेसे वीजबिंदू तेवढे मागा. संध्याकाळी आणि सुट्टीत मैदान-सभागृह कोणाचं आणि भाडं कोणाच्या खात्यात, हेही आधीच लिहा.

परत घेण्याचा विचार शेवटच्या वर्षी

मुदत संपून इमारत पालिकेकडे येण्याच्या सात वर्षं आधी तिची स्वतंत्र पाहणी करा. छत, लिफ्ट, वायरिंग, पंप यांचं किती आयुष्य उरलेलं हवं, हे बाबवार लिहिलेलं असावं: उदाहरणार्थ छत १० वर्षं, पंप ५. शेवटच्या दोन वर्षांच्या शुल्कातला हिस्सा राखून ठेवण्याचा हक्क मूळ करारातच घ्या. देखभालीच्या नोंदी, नकाशे आणि सॉफ्टवेअरचे पासवर्ड दरवर्षी पालिकेकडे जमा झाले पाहिजेत. एक वर्ष चुकलं तर पुढच्या तिमाहीचं शुल्क अडवा.