"डग्ग्यात काय आहे?" वाद्य घेऊन एअरपोर्ट सिक्युरिटीतून जाताना

गणपती जवळ आले की क्लासमधल्या मुलांचे फोन सुरू होतात. ताई, पहिल्यांदाच अमेरिकेला मंडळाच्या कार्यक्रमाला चाललोय, तबला केबिनमध्ये नेऊ का लगेजला टाकू, उघडायला लावतात का, सूर लावायच्या हातोडीचं काय करायचं... दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सलग लिहून काढते. मी तबला वाजवते त्यामुळे तबल्याचं जास्त सांगेन, पेटी आणि तानपुऱ्याचं सांगेन ते बरोबरच्या कलाकारांसोबत फिरून जेवढं कळलंय तेवढं.

आधी मशीनमागे बसलेल्या माणसाला काय दिसतं ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. डग्गा, म्हणजे जोडीतलं डाव्या हाताचं वाद्य, तांब्याचा नाहीतर पितळेचा, त्यातून एक्स-रे नीट आरपार जात नाही, त्यामुळे स्क्रीनवर नुसता काळा गोळा दिसतो आणि आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. तबल्याचं खोड खालून भरीव, वरून कोरलेलं, आणि वर चामड्यावर शाईचा काळा गोल, त्या शाईत लोखंडाची पूड असते म्हणून तोही गडद दिसतो. पेटीत पितळी सुरांच्या ओळीच्या ओळी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात सर्किट, वायरी, बॅटरी. हे सगळं ज्यानं कधी मैफल ऐकली नसेल त्या माणसाला काही सेकंदांत ओळखायचंय. तेव्हा बॅग बाजूला काढली तर वाईट वाटून घेऊ नका, ती निघणारच असं धरूनच पॅक करा, म्हणजे अनोळखी माणसाला दोन मिनिटांत उघडता आली पाहिजे आणि तितक्याच सहज परत बंद करता आली पाहिजे.

आता केबिन का लगेज. आपल्याकडे डोमेस्टिकला इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते, साइज बहुतेक ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरच्या आसपास. लाकडी तबला, तांब्याचा डग्गा, चुंबळी (वाद्याखाली ठेवायच्या कापडी कड्या) आणि कव्हर धरून जोडी सहज त्याच्या वर जाते. म्हणून मी जोडी फोडते. तबला माझ्याबरोबर केबिनमध्ये, डग्गा लगेजमध्ये. कारण साधं आहे, डग्गा तिकडे कुणाकडेही मिळतो पण काळी चार या पट्टीत नीट लागणारा, आपल्या हाताला सवय झालेला तबला मिळत नाही. तबला आडवा ठेवला की केबिन बॅगेत बसतो, भोवती दोन कुर्ते गुंडाळायचे, चुंबळ पुडीवर (वरच्या चामड्यावर) उलटी ठेवायची म्हणजे वरून दाब आला तरी शाईवर येत नाही.

हातोडी केबिनमध्ये चालत नाही, भारतातही नाही आणि अमेरिकेतही नाही. ती लगेजमध्येच टाका. पण कशी टाकायची ते महत्त्वाचं आहे, कारण माझं नुकसान तिनेच केलंय. सुरुवातीच्या एका दौऱ्यात, तेव्हा जोडी अख्खीच लगेजमध्ये टाकायचे, मी हातोडी केसच्या खिशात सरकवली होती, मधल्या कुठल्यातरी एअरपोर्टवर तपासणीसाठी केस उघडली गेली आणि परत भरताना हातोडी खिशात न जाता तबल्याशेजारी मोकळीच राहिली. घरी पोचून केस उघडली तर पुडी किनारीपासून शाईभोवतीच्या मैदानापर्यंत फाटलेली, आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तेव्हापासून हातोडी जाड कापडात गुंडाळून, दोरीनं बांधून वेगळ्याच सुटकेसमध्ये कपड्यांच्या तळाशी जाते, वाद्याच्या केसमध्ये नाहीच. जादा वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी), तारांची भेंडोळी, पक्कड, कात्री हेही सगळं तिथेच.

पावडर विसरू नका. हाताला लावायची टाल्कम आपण सगळेच नेतो, पण अमेरिकेला जाणाऱ्या फ्लाइटला केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच टाकावी लागते. छोटी डबी घ्या.

सिक्युरिटीच्या रांगेत काय करायचं ते सांगते. आपल्याकडे सीआयएसएफचे जवान असतात. बॅग बेल्टवर ठेवायच्या आधीच सांगायचं, "सर, इसमें तबला है." आणि पेटी असेल तर मराठी सवयीनं "पेटी है" म्हणू नका, हिंदीत पेटी म्हणजे खोका, त्यांना काहीच बोध होत नाही, सरळ हार्मोनियम म्हणा. मग बॅग बाजूला काढतील, उघडायला सांगतील, एक छोटी पट्टी किंवा कापडाचा तुकडा वाद्यावरून फिरवून मशीनमध्ये घालतील, ती स्फोटकांचे कण शोधायची तपासणी. करू द्या शांतपणे. फक्त वाद्य स्वतः उचलून दाखवायची परवानगी मागा, "मैं निकालके दिखाऊँ?" बहुतेक वेळा हो म्हणतात, कारण त्यांनाही तोडायचं नसतंच. शाईवर अंगठा दाबायला कुणी निघालं तर लगेच पण हळू आवाजात सांगा की इथे नको, कडेला बघा. वाजवून दाखवा म्हणाले तर दोन बोल वाजवा, खूपदा तिथेच संशय संपतो, आणि मागची माणसंही जरा हसतात. या सगळ्याला वेळ जातो म्हणून वाद्य असेल त्या दिवशी मी नेहमीपेक्षा पाऊण तास आधी निघते. अमेरिकेच्या फ्लाइटला गेटपाशी परत तपासणी होऊ शकते, तो वेळही धरा.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तबला मशीन, मायक्रोफोन लॅपटॉपसारखेच बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक मात्र कधीही लगेजमध्ये टाकू नका, ते हातातच, १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही.

लगेजमध्ये जाणाऱ्या वाद्याचं. हार्ड केस घ्या, कापडी कव्हरवर भरवसा ठेवू नका. पुडी अगदी ताठ चढवलेली असेल तर वादीखालचे लाकडी गट्टे थोडे वर सरकवून एखादा सूर उतरवून ठेवा, लगेजमधली कोरडी थंड हवा आणि उतरल्यावरची हवा यात चामडं ताणतं, आणि आधीच कडक असलेली पुडी फुटू शकते. अगदी ढिली पण करू नका. तानपुऱ्याच्या तारा उतरवा, जीवा (घोडीवर तारांखाली असणारे दोरे) काढून पाकिटात ठेवा, मणके आणि घोडीखाली मऊ कापड, आणि भोपळ्याभोवती केसमध्ये रिकामी जागा अजिबात नको. भोपळा फुटतो तो बहुधा आत हलल्यामुळेच. मिरजेचे कारागीर प्रवासाच्या दृष्टीनं छोट्या घडणीचे तानपुरे बनवून देतात, वारंवार बाहेर जाणार असाल तर तो विचार करा. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, मला त्याचा फार आनंद झाला.) मोठा मर्दानी तानपुरा केससकट १५८ सेंटीमीटरच्या बेरजेत बसत नाही, म्हणजे लांबी-रुंदी-उंची मिळून, तेव्हा ओव्हरसाइजचे पैसे आधीच विचारून ठेवा, काउंटरवर घासाघीस होत नाही. एक वेगळी सीट विकत घेऊन वाद्य शेजारी बसवायचीही सोय असते, तिकीट काढतानाच एअरलाइनला फोन करून सांगायचं.

केसच्या आत, झाकण उघडल्याबरोबर दिसेल असा एक कागद चिकटवा. त्यावर इंग्रजीत चार ओळी, हे भारतीय चामड्याचं वाद्य आहे, वरच्या काळ्या भागावर दाब देऊ नका, असंच परत ठेवा, आणि खाली पॅक केलेल्या अवस्थेतला फोटो. हा एक कागद बाकी सगळ्या स्टिकरांपेक्षा जास्त कामाचा आहे. अमेरिकेत टीएसएवाले, म्हणजे तिथले एअरपोर्ट सिक्युरिटीवाले, तुमच्या मागे केस उघडतात आणि आत तपासणी केल्याची चिठ्ठी ठेवतात, तेव्हा तुम्ही तिथे नसता, फोटो असतो. कुलूप टीएसए मान्यतेचं लावा, नाहीतर तोडतात.

अमेरिकेतली देशांतर्गत फ्लाइट असेल तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २०१५ पासून तिथे नियम आहे की अमेरिकन एअरलाइननं छोटं वाद्य केबिनमध्ये घेऊ दिलंच पाहिजे, चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर, आणि त्याचे वेगळे जादा पैसे नाहीत. "जागा असेल तर" हे लक्षात घ्या, म्हणून बोर्डिंगला शक्य तितकं आधी उभं राहा. भारतातून जाणाऱ्या आपल्या किंवा आखाती एअरलाइनला तो नियम लागू नाही, तिथे त्यांचा स्वतःचा नियम वाचावा लागतो.

कस्टम्सचं बरेच जण विसरतात. महागडं वाद्य भारतातून नेताना चेक-इनच्या आधी कस्टम्सकडे जाऊन एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, अधिकाऱ्याला वाद्य प्रत्यक्ष बघायचं असतं त्यामुळे लगेज देऊन टाकल्यावर उपयोग नाही. ते असलं की परत येताना हे बाहेरून आणलं का म्हणून ड्यूटीचा प्रश्न येत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी अमेरिकेतून निघताना ४४५७ नंबरचा फॉर्म तिथल्या कस्टम्सकडून शिक्का मारून घ्यावा, काम तेच.

शिसवाचं खोड नेता येतं का हे अजूनही विचारतात. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या जाती सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आल्या तेव्हा खरंच गोंधळ होता, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. हस्तिदंताचं काम किंवा सांबराच्या शिंगाची घोडी असलेलं आजोबांच्या काळातलं वाद्य मात्र घरीच ठेवा. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि कडक आहे, जप्त झालेलं वाद्य परत मिळणं अवघड.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी चामडं आणि लाकूड दोन्ही उतरायच्या कार्डवर डिक्लेअर करायचं, न चुकता. लाकडाला भुंगा लागलेला नाही ना ते निघण्याआधी बघा. पखवाज असेल तर डाव्या बाजूची कणीक घरीच पूर्ण खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून मगच केसमध्ये घाला. तिकडे पोचल्यावर दुकानातून पीठ आणून नवीन लावता येतं.

उतरल्यावर पट्ट्यावरून केस आली की टॅक्सीत घालायच्या आधी तिथेच उघडा. काही तुटलं असेल तर हॉलच्या बाहेर पडण्यापूर्वी एअरलाइनच्या काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्या आणि त्याचा नंबर घ्या. इंटरनॅशनल प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते आणि भरपाईची कमाल मर्यादा सध्या १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानानं दोन हजार डॉलर. वाद्य त्याहून महाग असेल तर चेक-इनला जादा किंमत जाहीर करता येते किंवा स्वतंत्र विमा. निघायच्या आदल्या रात्री पुडी, खोड, भोपळा सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसकट, काउंटरवर पहिला प्रश्न हाच असतो की आधीपासून तुटलेलं नव्हतं कशावरून.