संसदेत जेलवर चर्चा चालू असली की काय ऐकायचं, काय वाचायचं (खास नागपूरकरांसाठी)

वर्धा रोडवरून जाता येता आपण सेंट्रल जेलची भिंत पाहतो आणि विषय तिथेच संपतो. मग टीव्हीवर कोणीतरी खासदार "कैद्यांचे मानवाधिकार" म्हणतो, दुसरा उठून "आणि जनतेच्या सुरक्षेचं काय" म्हणतो, दहा मिनिटं गोंधळ, आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस भांडण. ह्या भांडणात पडायच्या आधी ती चर्चा नीट कशी फॉलो करायची ते सांगतो, फार कठीण नाही, फक्त भाषणांच्या नादी लागायचं नाही.

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा की तुरुंग हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत ४ नंबरला, पोलीस २ नंबरला. त्यामुळे दिल्लीत कोणीही जेलबद्दल काहीही विचारलं की उत्तराची पहिली ओळ ठरलेली, "तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे". बरेच जण इथेच वाचणं सोडतात, म्हणतात टाळलं बघा. पण केंद्राच्या हातातही बरंच असतं राजेहो. जामिनाचा कायदा केंद्राचा, देशभरातले गुन्ह्यांचे आणि जेलांचे आकडे गोळा करणारं एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) केंद्राचं, २०२३ चा मॉडेल प्रिझन्स ॲक्ट केंद्रानेच बनवून राज्यांना पाठवला, आणि त्याच वर्षी जामिनाचे पैसे नसलेल्या गरीब कैद्यांसाठीची योजनाही आली, सुरुवातीला कच्च्या (खटला चालू असलेल्या) कैद्याला ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता न येणाऱ्या शिक्षा झालेल्याला २५ हजारांपर्यंत मदत. म्हणजे कोणता प्रश्न दिल्लीला विचारायचा आणि कोणता आपल्या सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनात, हे आधी वेगळं करा. बराकीत गर्दी किती, मुलाकतीची सोय कशी, डॉक्टर आहे का, हे राज्याचं. डिसेंबर २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राचं नवीन कारागृह विधेयक इथे नागपुरातच आलं होतं, आणि आपण तेव्हा मोर्च्यांमुळे कोणते रस्ते बंद आहेत तेच पाहत होतो.

आता ऐकायचं कसं. कोणीही भाषण सुरू केलं की मनात एकच विचारा, हा कोणत्या कैद्याबद्दल बोलतोय, कच्च्या की पक्क्या? कच्चा म्हणजे ज्याचा खटला चालू आहे, अजून दोषी ठरलेला नाही. एनसीआरबीच्या २०२२ च्या रिपोर्टात देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे शंभरात जवळपास ७६. आणि जेलांची क्षमता ४,३६,२६६, म्हणजे १३१ टक्के भरलेली. हे माहीत असलं की अर्धी भाषणं तिथल्या तिथे उघडी पडतात. "गुन्हेगारांना मोकळं सोडू नका" म्हणणारा बहुतेक वेळा खून-बलात्कारवाल्यांचं उदाहरण देतो, आणि जामिनाच्या ज्या तरतुदीवर तो बोलतोय ती त्यांना लागूच नसते. उलट बाजूचाही नमुना सांगतो, "हे सगळे निर्दोष लोक आत सडताहेत" हेही खोटंच, दोषी ठरला नाही म्हणजे निर्दोष सुटला असं थोडीच आहे.

ती तरतूद म्हणजे बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९. समजा एखाद्यावर चोरीचा गुन्हा आहे, कमाल शिक्षा ३ वर्षं. पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष आत काढलं की तो सुटकेला पात्र, नाहीतर निम्मी म्हणजे दीड वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही. आणि खरी मेख पुढे आहे, एकाच माणसावर एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ह्या कलमाखाली सुटका नाही. आता विचार करा, छोट्या चोऱ्यांत पकडलेल्या पोट्ट्यावर एकच केस असते का? म्हणून सरकार "आम्ही कायदा आणला" म्हणतं तेव्हा टाळ्या नको, एवढंच पाहा की अर्ज किती गेले. अर्ज करायची जबाबदारी कायद्याने जेल अधीक्षकावर टाकलीय, तेव्हा आकडा असायलाच पाहिजे.

आता वाचायचं. लाइव्ह चर्चेपेक्षा लेखी उत्तरं दहापट कामाची. संसदेच्या साइटवर प्रश्नांचा सर्च आहे, तिथे गृह मंत्रालय निवडा आणि प्रिझन टाका. लोकसभेत गृह खात्याचा दिवस मंगळवार, राज्यसभेत बुधवार. तारांकित प्रश्नावर तोंडी उत्तर आणि पुरवणी प्रश्न होतात पण लोकसभेत ते दिवसाला २० च, अतारांकित (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं) २३० पर्यंत, आणि माल तिथेच असतो. पीडीएफ उघडली की खासदाराने पाच वेगवेगळे प्रश्न विचारलेले दिसतात, आणि खाली उत्तराला "(क) ते (ङ)" असं एकत्र बांधून एकच परिच्छेद. कोणता उपप्रश्न गिळला गेला ते पेन्सिलने खूण करून शोधा, मजा येते खरंच. मग सरळ शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात जा, महाराष्ट्राची ओळ पकडा, आणि आकडा कोणत्या वर्षाचा ते बघा, कारण अधिवेशन आजचं आणि आकडे जुने हे नेहमीचंच. शिवाय ते ३१ डिसेंबरच्या मोजणीचे, वर्षभरात किती आत आले गेले ते त्यात दिसत नाही.

सुरक्षेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. ३१ मार्च २०१५ ला आपल्याच जेलमधून पाच जण पळाले होते, शहराला आठवतंय. अशा घटनेनंतर मागणी येते भिंत उंच करा, कॅमेरे लावा. ठीक आहे, करा. पण भरगच्च बराकीत रात्रपाळीला किती शिपाई होते, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे विचारणारा खासदार किंवा आमदार दिसला तर तो खरं सुरक्षेवर बोलतोय असं समजा.

स्वतः प्रश्न पोचवायचा असेल तर इथे नागपूरकरांची एक गंमत आहे. आपले खासदार गडकरी केंद्रात मंत्री, आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. तर रामटेकच्या खासदारांकडे जा नाहीतर राज्यसभेतल्या कोणाकडे. राज्याच्या बाबतीत तर गृहखातंच मुख्यमंत्री फडणवीसांकडे आणि ते दक्षिण-पश्चिमचे आमदार, म्हणून दुसऱ्या मतदारसंघातला आमदार धरा. लोकसभेत नोटीस किमान १५ दिवस आधी लागते, प्रश्न १५० शब्दांत बसवायचा, कोर्टात चालू असलेल्या केसचं नाव टाकलं की उडाला. "कैद्यांची स्थिती काय" असं ढोबळ लिहू नका, "कलम ४७९ खाली राज्यवार किती अर्ज, किती मंजूर, किती नामंजूर आणि का" असं लिहा.

उत्तरात "माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही" आलं तर तोच प्रश्न विधानसभेच्या आमदाराकडे द्या. "माहिती गोळा करून सभापटलावर ठेवली जाईल" आलं तर ते आश्वासन धरलं जातं, ते पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत असते आणि त्यावर आश्वासन समिती लक्ष ठेवते. प्रश्न क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी खासदाराच्या ऑफिसला फोन लावा.