वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना एकाच वर्गात शिकवताना नेमकं काय बदलायचं

कल्चरली रिस्पॉन्सिव्ह टीचिंग, म्हणजे मुलांची घरची भाषा, सवयी आणि ओळख लक्षात घेऊन शिकवणं, म्हटलं की बऱ्याच शाळांमध्ये काय होतं, तर एक दिवस ठरतो, त्या दिवशी वेगवेगळे पोशाख, नाच, भिंतीवर तक्ते, भरपूर फोटो, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग परत होता तसाच. तो दिवस वाईट नाही, मुलांना मजा येते, खुशाल ठेवा. पण ज्या मुलाला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते त्याची भीती त्या एका दिवसाने जात नाही, कारण ती रोजच्या तासात तयार होत असते. तुम्ही प्रश्न कसा विचारता, कुणाला विचारता, उत्तर यायला किती थांबता, उत्तर चुकलं की काय म्हणता, सगळं तिथेच आहे. म्हणून बदल करायचा तो तिथे करायचा, आणि त्याला वेगळा तासही लागत नाही आणि बजेटही लागत नाही.

थोडीशी पार्श्वभूमी सांगते, फार नाही. अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्स या शिक्षणतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांचा अभ्यास केला आणि १९९५ मध्ये तीन गोष्टी मांडल्या: मुलं अभ्यासात खरोखर पुढे गेली पाहिजेत, आपल्या घरची ओळख न टाकता पुढे गेली पाहिजेत, आणि समाजात जे चाललंय त्याला प्रश्न विचारता येतील इतकी समज त्यांना आली पाहिजे. पुढे जिनिव्हा गे यांनी हे वर्गातल्या शिकवण्याच्या पद्धतीपर्यंत आणलं. या तिन्हीत पहिली गोष्ट अभ्यासाची आहे हे लक्षात ठेवा, लोक नेमकं तेच विसरतात.

सुरुवात मुलांपासून नाही, स्वतःपासून करा

वर्गाच्या बैठकीचा एक साधा नकाशा कागदावर काढा, चौकोन चौकोन, आणि एक आठवडा रोज एका तासात खूण करत जा की तुम्ही कुणाला प्रश्न विचारला, कोण आपणहून बोललं, कुणाला नुसतं "गप्प बस" म्हटलंत. शिकवता शिकवता जमत नसेल तर सोबतच्या शिक्षकाला मागे बसवा, त्यांच्या तासाला तुम्ही बसा. आठवड्याने तो कागद बघितला की बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपल्याला वाटत असतं की आपण सगळ्यांना समान वागवतो आणि कागदावर तीच सात-आठ नावं परत परत दिसतात. मग बघा, ज्या चौकोनात एकही खूण नाही ती मुलं कोण आहेत, त्यांच्यात काही सारखं आहे का, घरची भाषा, शिकणारी घरातली पहिलीच पिढी, नुकतीच दुसरीकडून आलेली? हे शोधायचं, कुणाला दोष द्यायला नाही, तर पुढचा बदल कुठे करायचा ते कळायला.

प्रश्न विचारून थांबा. खरंच थांबा

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांच्या टेप ऐकून मोजलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबत होते. तेच ३ सेकंद किंवा थोडं जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. ३ सेकंद ऐकायला काहीच नाही, पण वर्गासमोर उभं राहून शांत राहायचं म्हणजे ते खूप लांब वाटतात, म्हणून मनात आकडे मोजा. घरच्या भाषेत विचार करून वर्गाच्या भाषेत उत्तर देणाऱ्या मुलासाठी तर हा वेळ म्हणजे सगळं काही आहे. आणि मुलाचं उत्तर संपल्यावर पण थांबा, लगेच "बरोबर, पुढे" करू नका, बऱ्याचदा उत्तराचा चांगला भाग तिथेच येतो.

प्रश्नाचा प्रकार बदला

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. शर्ली ब्राइस हीथ या मानववंशशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या कॅरोलिना भागात काही समुदायांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन-येऊन राहिल्या आणि १९८३ मध्ये त्यांनी ते सगळं लिहून प्रसिद्ध केलं. एका कामगार वस्तीत त्यांना दिसलं की मोठी माणसं मुलांना असे प्रश्न विचारतच नाहीत ज्याचं उत्तर मोठ्यांना आधीच माहीत आहे. घरी प्रश्न कसे, तर "हे कशासारखं दिसतंय?", किंवा मोठ्यांना खरंच काहीतरी जाणून घ्यायचं असतं तेव्हाचे. आणि शाळेत गेल्यावर बाई हातात लाल वस्तू धरून विचारतात, याचा रंग कोणता? मुलाला कळेचना की बाईंना समोर दिसतंय तर मला का विचारतायत, ते गप्प बसायचं, आणि शिक्षकांना वाटायचं मुलाला येत नाही.

मग तिथल्या शिक्षकांनीच मार्ग काढला. परिसराचे फोटो आणले, विचारलं, इथे काय चाललंय, तू इथे गेलायस का, तिथे काय करतात, हे कशासारखं आहे. मुलं भडाभडा बोलायला लागली. ती उत्तरं टेप केली, मुलांना परत ऐकवली, आणि मग हळूहळू शाळेतले नेहमीचे प्रश्न त्यात आणले, म्हणजे परीक्षेत जे विचारतात तेही मुलांना यायला लागलं.

तुमच्या तासात हे करायचं तर नवीन धडा उघडताना पहिले दोन-तीन प्रश्न असे ठेवा की उत्तर तुम्हालाही माहीत नसेल. हे तू कुठे बघितलंस, तुमच्या घरी याला काय म्हणतात, हे दुसऱ्या कशासारखं वाटतं. मग व्याख्या, नियम, सूत्र. आणि शाळेतला प्रश्न कसा असतो ते उघडपणे शिकवा, "आता मी असा प्रश्न विचारणार आहे ज्याचं उत्तर मला माहीत आहे, तुला किती समजलंय हे बघण्यासाठी विचारतोय" असं सरळ सांगा. काही मुलांना हे घरीच कळलेलं असतं, काहींना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि फरक बऱ्याचदा तेवढाच असतो.

गप्प मूल म्हणजे ढ मूल नाही

सुझन फिलिप्स यांनी ऑरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या मूळनिवासी मुलांचा वर्ग बघितला. सगळ्यांसमोर एकट्याला उभं केलं की ही मुलं बोलत नसत, पण गटात काम दिलं किंवा शिक्षकाशी एकट्याने बोलायला मिळालं की छान बोलत. हवाईमध्ये तर १९७० च्या दशकात केईईपी नावाच्या कार्यक्रमात वाचनाचा तासच बदलला, तिथल्या मुलांच्या घरी गोष्ट सांगताना दोघं-तिघं एकमेकांच्या बोलण्यात भर घालत सांगतात, तर वर्गातही तसंच बोलू दिलं, हात वर करून एकेकट्याने बोलायचा नियम त्या तासापुरता बाजूला ठेवला, आणि मुलांचं वाचन सुधारलं.

यातून घ्यायचं काय, तर बोलायच्या वाटा जास्त ठेवा. आधी एक मिनिट वहीत लिहा, मग शेजारच्याशी बोला, मग गटातल्या एकाने सांगा. चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय ठेवा. रोज सगळं करायची गरज नाही, पण आठवड्यात प्रत्येक मुलाला एक तरी वाट सोयीची मिळाली पाहिजे. जी मुलं गटात बोलतात त्यांना पुढे मोठ्या वर्गासमोर बोलायलाही शिकवायचं आहेच, ते सोडून द्यायचं नाही, फक्त सुरुवात तिथून करायची नाही.

मुलाला आधीच काय येतं ते शोधा

लुईस मॉल आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये, १९९० च्या आसपास, शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी पाठवलं, तक्रार सांगायला नाही तर शिकायला. घरात त्यांना शेती, खाणकाम, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार, घरगुती औषधं असं कितीतरी ज्ञान सापडलं. एका शिक्षिकेला कळलं की तिचा विद्यार्थी मेक्सिकोहून आणलेल्या गोळ्या-मिठाया विकतो, त्यावरून तिने वर्गात अख्खा प्रकल्प उभा केला, त्यात काय घटक असतात, दोन देशांतल्या मिठायांत फरक काय, आणि एक आई वर्गात येऊन मिठाई कशी करतात हे शिकवून गेली.

घरी जाणं सगळ्यांना जमत नाही, मान्य. मग वर्षाच्या सुरुवातीला एक पान भरून घ्या: तू घरी कुणाला कशात मदत करतोस, तुला असं काय येतं जे शाळेत कुणी शिकवलं नाही, घरात काही अडलं की कुणाला विचारतात. उत्पन्न, धर्म, जात असलं काही त्या पानावर विचारू नका, त्याने तुम्हाला शिकवायला काही मिळत नाही आणि मूल मात्र आक्रसून जातं. पालक भेटीत पहिला प्रश्न "मूल अभ्यास करतं का" ऐवजी "घरी ते कशात रमतं" असा विचारून बघा, बोलणं एकदम वेगळ्या दिशेला जातं.

आणि एक धोका इथेच सांगते. कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करू नका. "तुमच्यात हे कसं करतात सांग बरं सगळ्यांना" हे कितीही प्रेमाने विचारलं तरी त्या मुलाला पंचवीस-तीस जोड्या डोळ्यांसमोर उभं करण्यासारखं आहे, आणि शिवाय त्याच्या घरी तसं करत नसतील पण. त्याने आपणहून सांगितलं तर कान देऊन ऐका. तसंच "या समाजातली मुलं हातानेच शिकतात, ती डोळ्यांनी शिकतात" असले शिक्के मारू नका, लर्निंग स्टाइलप्रमाणे, म्हणजे कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, असं धरून शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा नाही असं २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास तपासून सांगितलंय, आणि समाजाचा शिक्का मारणं तर त्याहून वाईट.

नावाबद्दल एकच. प्रत्येकाला स्वतःचं नाव उच्चारायला सांगा, हजेरीत बाजूला ते कसं म्हणायचं ते लिहून ठेवा, सोपं पडावं म्हणून दुसरं नाव लावू नका.

घरच्या भाषेला हाकलू नका

जिम कमिन्स यांच्या मांडणीप्रमाणे नवीन भाषेत गप्पा मारण्याइतकं यायला साधारण २ वर्षं लागतात, पण अभ्यासाची भाषा यायला ५ ते ७ वर्षं. म्हणजे मैदानात फाडफाड बोलणारं मूल इतिहासाचा उतारा वाचताना अडलं तर ते आळशी नाही. त्याला गटात घरच्या भाषेत चर्चा करू द्या, कच्चा मसुदा मिश्र भाषेत लिहू द्या, पक्कं लिखाण वर्गाच्या भाषेत घ्या. विचार मांडत असताना व्याकरण सुधारत बसू नका, ते नंतर, वेगळ्या वेळी.

पातळी खाली आणायची नाही, अजिबात नाही

हा सगळ्यात मोठा गैरसमज. काही शिक्षक मायेपोटी सोपं काम देतात, मार्क सैल देतात, "त्याच्या परिस्थितीत एवढं पुरे" म्हणतात, आणि मुलाला ते बरोबर कळतं की माझ्याकडून यांना फार अपेक्षा नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन या गणिताच्या शिक्षकांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी बघितलं की कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतायत, प्राध्यापकांचे अंदाज होते की जिद्द कमी, घरचा पाठिंबा कमी, पण ते अंदाज टिकले नाहीत. दिसलं असं की चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून अभ्यास करत, एकमेकांची उत्तरं तपासत, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी बरेचसे एकटेच खपत. मग त्यांनी रेमेडियल क्लास, म्हणजे मागे पडलेल्यांसाठी सोपा जादा वर्ग, काढला नाही, उलट जास्त कठीण गणितं देऊन गटात सोडवायच्या कार्यशाळा काढल्या, आणि निकाल सुधारले.

फीडबॅकचंही तसंच. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात सातवीच्या मुलांच्या निबंधावर शिक्षकांनी शेरे लिहिले, आणि सोबत चिठ्ठी जोडली, काहींची चिठ्ठी साधी होती, काहींच्या चिठ्ठीवर अशी ओळ होती की माझ्या अपेक्षा खूप उंच आहेत आणि तू तिथे पोचशील हे मला माहीत आहे म्हणून हे शेरे देतोय. कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध परत लिहून आणणारे साध्या चिठ्ठीच्या गटात १७ टक्के होते, या ओळीच्या गटात ७२ टक्के. अभ्यास छोटा होता, पण करून बघायला काहीच लागत नाही. फक्त ती ओळ खऱ्या, बारकाईने लिहिलेल्या शेऱ्यांसोबत पाहिजे, नुसती ओळ लिहून खाली "छान" लिहिलं तर उपयोग नाही.

कॉलेजमध्ये शिकवत असाल तर

तिथे अडचण असते न सांगितलेल्या नियमांची. प्राध्यापकांना भेटायची वेळ म्हणजे काय, तेव्हा काय विचारायचं, ईमेल कसा लिहायचा, मुदत वाढवून मागता येते का, हे काहींना घरून माहीत असतं आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्याला नसतं, आणि तो विचारतही नाही. सगळं सिलॅबसमध्ये साध्या भाषेत लिहा, आणि पहिली भेट सगळ्यांना पाच मिनिटांची सक्तीची ठेवा, म्हणजे दार ठोठवायची भीती एकदा मोडते. प्रत्येक असाइनमेंटवर तीन गोष्टी लिहा: हे का करायचं, नेमकं काय करायचं, मार्क कशावर मिळणार. मेरी-ॲन विंकलमस यांचं काम यावरच आहे. आणि जमेल तिथे पेपर नाव झाकून तपासा.

गणित-विज्ञानवाले म्हणतात आमच्या विषयात संस्कृती कुठे येते. आकडेवारीचा धडा असेल तर डेटा मुलांच्याच आयुष्यातला घ्या, बस किती वेळाने येते, पाणी किती तास असतं, आणि मग विचारू द्या की असं का. लॅडसन-बिलिंग्स यांची तिसरी गोष्ट तीच.

हे सगळं एका महिन्यात करायला जाऊ नका. नकाशा काढा, मग थांबायचे सेकंद आणि पहिले दोन प्रश्न एवढंच एक सत्र धरा. सत्राच्या मध्यावर मुलांकडून बिननावी चिठ्ठी घ्या, या वर्गात बोलायला कधी सोपं वाटतं, कधी अवघड वाटतं, मी काय बदलू, आणि त्यातली एक गोष्ट पुढच्याच आठवड्यात बदलून वर्गाला सांगा की तुम्ही लिहिलंत म्हणून बदललं. मग परत एक आठवडा खुणा करा आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवा. जे चौकोन अजून रिकामे आहेत त्या मुलांशी एकेकट्याने, तासाबाहेर, दोन मिनिटं बोला, आणि पुढची सुरुवात त्यांच्या उत्तरापासून करा.