पेशीच्या ताटात काय होतं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात तीन आठवडे मी एकाच प्रयोगाशी झुंजत होते. एमसीएफ-7 नावाच्या स्तनकर्करोगाच्या पेशींमध्ये मी डीएनएचा एक तुकडा घातला होता. इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन ओळखणारं पेशीतलं प्रथिन, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, जागा झाला की या तुकड्यावरून ल्युसिफरेज हे उजेड पाडणारं एन्झाइम तयार होतं आणि मशीनमध्ये उजेड मोजता येतो. इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) दिलेल्या वेल्समध्ये, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खळग्यांमध्ये, आकडा चढायला हवा, ते विरघळवायला वापरलेलं नुसतं इथेनॉल दिलेल्यांत तो खाली राहायला हवा. माझ्याकडे दोन्हीकडे जवळपास सारखाच आकडा यायचा. डीएनएचा तो तुकडा (प्लाझ्मिड) पुन्हा काढला, हॉर्मोन नव्याने विरघळवलं, पेशींत डीएनए घालण्याचं प्रमाण बदललं. फरक शून्य.

शेवटी लॅबमधल्या एका सीनियर ताईने प्लेटकडे न बघता विचारलं, "सेल्स कशात वाढवतेस?"

नेहमीच्याच गुलाबी मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, दहा टक्के सीरम घालून. घोळ तिथेच होता. सीरम येतं गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून, आणि त्यात स्टेरॉइड हॉर्मोन्स असतातच. मीडियाला गुलाबी करणारा फिनॉल रेडसुद्धा निरुपद्रवी नाही. त्याची नक्कल-इस्ट्रोजेनची करामत 1986 मध्येच छापून आली होती, आणि ती त्या रंगासोबत येणाऱ्या अशुद्धींमुळे होते हे पुढे कळलं. मी ज्यांना 'हॉर्मोन नसलेले' वेल्स म्हणत होते, ते पोटभर जेवून बसले होते. बिनरंगी मीडिया आणि चारकोलने हॉर्मोन काढलेलं सीरम वापरून, त्यात दोन दिवस पेशी ठेवून पुन्हा प्लेट लावली. कंट्रोलचा, म्हणजे हॉर्मोन न दिलेल्या वेल्सचा, आकडा तळाला गेला आणि इस्ट्रॅडिओलची रांग वर उठली. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

न्यूक्लिअर रिसेप्टरच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे, कारण ही नुसती तांत्रिक सूचना नाही. न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आत बसलेलं आणि थेट जनुकांवर जाऊन काम करणारं प्रथिन; इस्ट्रोजेन रिसेप्टर त्यांतलाच एक. माणसात असे 48 आहेत. त्यांचं कामच मुळी पेशीपर्यंत काय पोचलंय हे चाखणं आणि त्याप्रमाणे जनुकं चालू-बंद करणं. म्हणून पेशीला काय मिळतंय हे माहीत नसेल, तर तुमच्या आलेखाला काही अर्थ उरत नाही.

विषय समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी? मी विद्यार्थ्यांना एक कोरा कागद देते आणि कोलेस्टेरॉल काढायला लावते. 27 कार्बन. मग मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम त्याची बाजूची साखळी छाटतं आणि 21 कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं. प्रोजेस्टेरॉनही 21 चंच. टेस्टोस्टेरॉन 19, इस्ट्रॅडिओल 18. हा प्रवास हाताने दहा वेळा काढा. कोलेस्टेरॉल हृदयविकारवाल्यांचं आणि हॉर्मोन्स स्त्रीरोगवाल्यांची, ही डोक्यातली भिंत त्या कागदावर पडते. यकृतात ज्या कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल होतं, त्याचंच अंडाशयात इस्ट्रोजेन होतं. दोन्ही ठिकाणी वाटेवर न्यूक्लिअर रिसेप्टर उभे असतात. पित्ताम्लं ओळखणारा एफएक्सआर, कोलेस्टेरॉलच्या ऑक्सिडीकरणातून झालेले ऑक्सिस्टेरॉल ओळखणारा एलएक्सआर, आणि स्टेरॉइड बनवणारी एन्झाइम्स चालू करणारा एसएफ-1. एसएफ-1 नसलेले उंदीर अॅड्रिनल ग्रंथी आणि जननग्रंथींशिवायच जन्माला येतात, हे 1994 मध्ये दिसलं. एका जनुकावाचून दोन अवयव नाहीत! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले होते.

माझं पुढचं काम एलएक्सआरवर झालं, आणि तिथे ताटाचा प्रश्न आणखी अवघड होतो. इस्ट्रोजेन बाहेरून येतं, ते सीरममधून काढता येतं. एलएक्सआरचं अन्न पेशी स्वतःच्या घरात शिजवते. लायपोप्रोटीन, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, काढलेलं सीरम वापरलं तरी पेशी आपलं कोलेस्टेरॉल बनवत राहते, त्यातून ऑक्सिस्टेरॉल होतात आणि रिसेप्टर अर्धवट जागाच राहतो. म्हणून सोबत स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल बनणं रोखणारं औषध देऊन ती चूल मंद करायची आणि पेशी मरू नये म्हणून चिमूटभर मेव्हॅलोनेट, म्हणजे स्टॅटिनमुळे बनायचा थांबलेला कच्चा माल, परत द्यायचं. नवखी मुलं स्टॅटिन घालतात आणि मेव्हॅलोनेट विसरतात. मग दुसऱ्या दिवशी पेशी तळ सोडून तरंगत असतात आणि दोष मात्र औषधाला जातो.

औषधांबद्दलही सावध राहा. टी0901317 हे एलएक्सआर चालू करणारं रसायन सगळे सर्रास वापरतात, पण ते पीएक्सआर या दुसऱ्या न्यूक्लिअर रिसेप्टरलाही चालू करतं, आणि मात्रा जास्त झाली तर एफएक्सआरलाही. सोबत एलएक्सआर चालू करणारं दुसरं रसायन, जीडब्ल्यू3965, लावा, आणि जमलं तर रिसेप्टरच नसलेल्या पेशींत तोच प्रयोग करा. ठरावीक प्रथिन शोधून दाखवणाऱ्या अँटिबॉडीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 2017 मध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या बीटा या प्रकाराच्या 13 अँटिबॉडी तपासल्या गेल्या, त्यांतली एकच खरी ठरली. त्याआधी वर्षानुवर्षं लोक बाकीच्यांच्या पट्ट्या छापत होते.

उंदरांचं वेगळंच आहे. जास्त कोलेस्टेरॉल खाल्लं की उंदराच्या यकृतात एलएक्सआर सीवायपी7ए1 हे पित्ताम्ल बनवणारं एन्झाइम वाढवतो. माणसाच्या जनुकाला तसा प्रतिसाद नाही. तेव्हा उंदरावरून थेट दवाखान्याकडे उडी मारू नका. वयही बघा. एलएक्सआरचे अल्फा आणि बीटा हे दोन्ही प्रकार नसलेले नर उंदीर तरुणपणी पिल्लं देतात, नऊ महिन्यांच्या सुमाराला मात्र वंध्य होतात, आणि त्यांच्या वृषणातल्या, शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींत चरबी साठलेली दिसते. फक्त तरुण उंदीर तपासणाऱ्याच्या हातून हे अख्खं निसटलं असतं.

प्रवेशाचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी नेट-जेआरएफसारखी राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती लागते. प्रजनन आरोग्यासाठी मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे, औषधांच्या बाजूने जायचं तर लखनौची सीडीआरआय, म्हणजे केंद्रीय औषध संशोधन संस्था. याच सीडीआरआयमध्ये ऑर्मेलॉक्सिफिन घडलं. ते इस्ट्रोजेन रिसेप्टरवर बसणारं, आठवड्याची गर्भनिरोधक गोळी. आधी 'सहेली' म्हणून बाजारात आलं, आज सरकारी कुटुंब नियोजनात 'छाया' म्हणून मिळतं. आमच्या गावी आशाताई ते पाकीट हातात ठेवतात तेव्हा सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, हे बोटांवर मोजून समजावतात. न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणजे काय, असं आईने विचारलं तेव्हा मी तेच पाकीट दाखवलं होतं.

मार्गदर्शकांना मेल करताना "मला पीसीओएसवर काम करायचंय" (पीसीओएस म्हणजे बायकांमधला हॉर्मोन्सचा एक विकार) एवढंच लिहू नका. अशी पत्रं ढिगाने येतात. त्यांचा एखादा पेपर घ्या, पद्धतींचा भाग उघडा, सीरम कोणतं होतं, मीडिया कोणता होता, औषध किती तास दिलं ते बघा आणि त्यावर एक नेमका प्रश्न विचारा. मी आता विद्यार्थी निवडताना तेच शोधते.

आणि लॅबमध्ये रुजू झालात की वहीच्या पहिल्या पानावर सीरमचा लॉट नंबर, म्हणजे कोणत्या खेपेचं ते, लिहा. लॉट बदलला की हॉर्मोन्सचं प्रमाण बदलतं. एक लॉट आवडला तर पुरेल एवढ्या बाटल्या एकदमच मागवून ठेवा, आणि नवी बाटली उघडण्याआधी जुन्या बाटलीसोबत एक प्लेट लावून बघा, नुसती कंट्रोलची.