'नोंद घेतली' : संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप करू पाहणाऱ्यांसाठी

सप्टेंबर २०१९. न्यूयॉर्कच्या मुख्यालयात इंटर्न म्हणून रुजू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. एका बैठकीच्या टिपणात मी लिहिलं, 'सदस्य देशांनी अहवालाला पाठिंबा दिला.' आमच्या वरिष्ठ बाईंनी ते वाक्य पेन्सिलीनं खोडलं आणि ठरावाचा कागद माझ्याकडे सरकवला. ठरावात 'टेक्स नोट' होतं, म्हणजे फक्त नोंद घेतली. या शब्दांचा अर्थ ना मान्यता ना नापसंती, असा निर्णयच आमसभेनं, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेनं, २००१ मध्ये करून ठेवला आहे. पाठिंबा मी माझ्या पदरचा घातला होता.

रात्री फोनवर अप्पांना हे सांगितलं. ते सांगली जिल्ह्यात तीस वर्षं ग्रामसेवक होते. म्हणाले, "अगं, नोंद घेतली म्हणजे विषय मिटवला. आमच्या ग्रामसभेत दुसरं काय होतं? गटाराचा अर्ज आला, नोंद घेतली. पुढच्या वर्षी परत तोच अर्ज." पुण्यात आणि नंतर अमेरिकेत आंतरराष्ट्रीय संबंध शिकून मला जे कळलं नव्हतं, ते अप्पांना इतिवृत्तं लिहून लिहून ठाऊक होतं.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की भाषणांमागे लागू नका, कागद वाचायला शिका. सप्टेंबरमधला राष्ट्रप्रमुखांचा आठवडा टीव्हीवर दिसतो. काम सुरू होतं त्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर, आमसभेच्या सहा समित्यांमध्ये. पहिलीत निःशस्त्रीकरण, दुसरीत अर्थकारण आणि विकास, तिसरीत मानवी हक्क असे विषय वाटलेले असतात. मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात असतात. महिनाभर तळघरातल्या खोल्यांत आणि व्हिएन्ना कॅफेच्या टेबलांवर ते कंस काढायची खटपट चालते. कोणत्या देशानं कुठला कंस धरून ठेवलाय हे टिपून ठेवणं, हे नवख्या इंटर्नचं सगळ्यात उपयोगी काम.

एका शब्दासाठी एवढं? तर हो. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलम 'ऑल मेन'ऐवजी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असं सुरू होतं, त्याचं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिलं जातं. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात काम केलेल्या या बाईंचं नाव मला पदवीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावरच समजली, ती म्हणजे 'सायलेन्स प्रोसिजर'. वाटाघाटी चालवणारा मसुदा पाठवतो आणि सांगतो, उद्या दुपारी तीनपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर समजू. आपल्याकडचं 'मौनं संमतिलक्षणम्', फक्त घड्याळ लावून. कुणी पत्र पाठवलं की मौन मोडलं, पुन्हा बैठक. 'पॅक्ट फॉर द फ्युचर' या जागतिक सहकार्याच्या मोठ्या दस्तऐवजाच्या वेळी हे अनेकदा झालं. शेवटी २२ सप्टेंबर २०२४ ला सभागृहातच रशियानं दुरुस्ती मांडली. ती विचारातच घेऊ नये, असा प्रस्ताव आफ्रिकी देशांच्या वतीनं काँगो प्रजासत्ताकानं आणला आणि तो १४३ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला, १५ तटस्थ. मी हे पुण्यात घरी बसून थेट पाहत होते. नवरा विचारत होता, "मॅच आहे का?"

आता पैशांचं. मला पाचव्या समितीचं काम बघायला बसवलं तेव्हा मी हिरमुसले होते. प्रशासन आणि अर्थसंकल्प! मैत्रिणी सुरक्षा परिषदेच्या बैठकांना आणि मी पदांच्या तक्त्यांत. पण त्याच ऑक्टोबरमध्ये महासचिव गुटेरस यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की सप्टेंबरअखेर तूट २३ कोटी डॉलरवर गेली आहे. अनेक देशांनी वर्गणी थकवली होती. एका सकाळी पाहते तर सरकते जिने बंद, कारंजं बंद, हीटिंग कमी. प्रतिनिधींचा लाउंज संध्याकाळी पाचला बंद होऊ लागला. जगाच्या शांततेचा मक्ता घेतलेली संस्था विजेचं बिल वाचवत होती. त्या वर्षी २७ डिसेंबरला सुमारे ३०७ कोटी डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर झाला. तोवर मला कळून चुकलं होतं की एखादी मोहीम कितीही छान शब्दांत स्थापन करा, तिला पदं आणि पैसा पाचवीतूनच मिळतो. संस्थात्मक सुधारणा बघायची असेल तर तिथे जाऊन बसा. मुलाखतीतही या अनुभवानं मला जेवढं तारलं, तेवढं दुसऱ्या कशानं नाही.

सुरक्षा परिषदेच्या सुधारणेवर प्रबंध लिहायची प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला हौस असते. मलाही होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं, म्हणजे संस्थेच्या घटनेचं, १०८ वं कलम आधी वाचा. बदलाला दोन तृतीयांश देशांची मान्यता लागते आणि पाचही कायम सदस्यांनी तो आपापल्या देशात संमत करावा लागतो. परिषद एकदाच वाढली, ११ वरून १५, १९६५ मध्ये. सध्याच्या वाटाघाटी २००९ पासून चालू आहेत आणि अजून सर्वांना मान्य असा एक मसुदाही टेबलावर नाही. उलट चाळीसेक हजार वस्तीच्या लिक्टेनस्टाइननं एप्रिल २०२२ मध्ये आडवाटेनं एक काम करून घेतलं : सुरक्षा परिषदेत कुणा कायम सदस्यानं नकाराधिकार (व्हेटो) वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा बोलवायची. सनदेला हातही लावावा लागला नाही. प्रबंध यावर लिहा, असं माझं मत.

सचिवालयाच्या इंटर्नशिपला मानधन नाही. दोन ते सहा महिने न्यूयॉर्कमध्ये पदरमोड करून राहायचं. मी जॅक्सन हाइट्समध्ये चौघींत एक खोली घेतली होती, सात नंबरच्या ट्रेननं ग्रँड सेंट्रल, पुढे चालत, दुपारी घरचा डबा. तरी विद्यापीठाची शिष्यवृत्ती नसती तर जमलंच नसतं. हे मला अन्यायाचंच वाटतं. समतेच्या गप्पा मारणाऱ्या इमारतीत ज्याला परवडतं तोच आत येतो. युनिसेफ (मुलांसाठी), यूएनडीपी (विकासासाठी), आयएलओ (कामगारांसाठी) या संयुक्त राष्ट्रांच्याच संस्था इंटर्नना मानधन देतात, आधी तिकडे अर्ज करा. घरबसल्या सुरुवात करायची तर यूएन व्हॉलंटियर्सची ऑनलाइन कामं आहेत. फ्रेंच शिकत असाल तर सोडू नका.

कायम नोकरीच्या भरवशावर मात्र जाऊ नका. मार्च २०२५ मध्ये 'यूएन८०' नावाची काटकसर-सुधारणा मोहीम सुरू झाली आणि पदं कमी होत आहेत. मी परत आले आणि आता ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करते. परदेशी निधीचे करार वाचताना पाचवी समिती रोज उपयोगी पडते, आणि जिल्हा परिषदेत बसल्यावर अप्पा.

अर्जाला, मुलाखतीला, प्रशिक्षणाला संयुक्त राष्ट्रं एक पैसा घेत नाहीत. ओळखीतल्या एका मुलानं कुणा एजंटला 'प्रोसेसिंग फी' भरली आणि नेमणुकीचं खोटं पत्र हातात घेऊन बसला. जाहिरात फक्त संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. आणि शेवटची मुदत न्यूयॉर्कच्या घड्याळानं रात्री ११:५९ ची असते. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा वाजत आलेले असतात. माझा पहिला अर्ज मी आदल्या रात्री 'मुदत संपली' म्हणून लॅपटॉप मिटून झोपल्यामुळे राहिला होता.