लेकीला कोडिंग शिकवायचंय? फी भरायच्या आधी हे उघडा

राजारामपुरीत माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. दहावीचा निकाल लागला की आया येतात, "मॅडम, हिला कोडिंग शिकवा." मी लगेच फी घेत नाही. (नवरा म्हणतो, अशानं धंदा बुडणार.)

आधी आयआयटी मुंबईची 'स्पोकन ट्युटोरियल' ही व्हिडिओ धड्यांची वेबसाइट उघडून देते. फुकट आहे, बरेच धडे मराठीतून आहेत, एकेक दहाएक मिनिटांचा. पण सिनेमासारखं बघत बसायचं नाही. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. त्यांनी एक गोष्ट दाखवली की व्हिडिओ थांबवायचा आणि स्वतः करायची. मोबाईलवर हे जमत नाही, शेजारचा कॉम्प्युटर मागा. सुरुवात लिब्रेऑफिस कॅल्कपासून करा, म्हणजे एक्सेलसारखं हिशेबाच्या तक्त्यांचं फुकट सॉफ्टवेअर. घरच्या दुधाचा हिशेब मांडता आला की मग पायथन ही कोडिंगची भाषा.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश झाला की एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मुलींसाठीची 'प्रगती' शिष्यवृत्ती विसरू नका. वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पहिल्याच वर्षी. उत्पन्नाचा दाखला सुट्टीतच काढून ठेवा. आणि बँक खात्याला आधार जोडलंय का, ते आधी बघा. माझ्या भाचीचे पैसे तेवढ्यानंच अडकले होते.

कॉलेजातल्या पोरींसाठी 'स्वयम' ही केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची वेबसाइट आहे. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी तेवढी वेगळी.